मी सांगतेय म्हणून काप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सोनखोरं नावाच्या गावात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याच्या नावानं परसात आंब्याचं रोप लावायचे. रोप पोराचं, म्हणून त्याला लोखंड लावायचं नाही, असा तिथला दंडक. दर वादळात दोनचार झाडं फाटायची आणि लोक नशिबाला बोल लावून मोकळे व्हायचे.

त्या गावात बनाबाई होती. बांधावरच्या झाडांची छाटणी तिच्याकडे असे. लहान झाडाच्या खोडाला नुसता अंगठा लावून ती सांगायची, हे कुठं वाढेल आणि कुठं मोडेल, असं म्हणतात.

पाटलाच्या नातवाच्या आंब्याला दोन शेंडे फुटले. पाटील खूश. दोन शेंडे म्हणजे घरात दुसरा नातू येणार, असं तो चारचौघांत सांगत फिरायचा. बनाबाईनं त्या झाडाच्या खोडाला अंगठा लावून पाहिला. दोन्ही शेंडे सारख्याच जोरानं वाढत होते. फळं धरली की एका वाऱ्यात ते खोड मधोमध उभं चिरणार होतं.

तिनं ते पाटलाच्या सुनेला, सगुणेला सांगितलं. सगुणेनं पोराला कडेवर घेतलं. मग म्हणाली, "मावशी, काढ एक शेंडा. मामंजी परगावी गेल्यात, तवर उरकून घे. मी सांगतेय म्हणून काप."

बनाबाईनं कोयतीनं एक शेंडा उतरवला, घावावर शेणमाती लिंपली, झाडाला तांब्याभर पाणी घातलं आणि घरी गेली.

त्या साली सात गावांत देवीची साथ होती. शेंडा काढल्यापासून नवव्या दिवशी पाटलाचा नातू गेला. बाकीची पोरं देवीनं नेली, पाटलाचा नातू मात्र कोयतीनं नेला, असं गावानं ठरवून टाकलं.

बनाबाईला चावडीवर उभं केलं. ती घाबरली नाही. सगुणेच्या एका वाक्यानं सगळं निवळेल, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "म्या माझ्या मनानं कापलं न्हाई. सूनबाईला इचारा."

पाटलानं विचारलं. सगुणेनं पदर तोंडाशी धरला. सासऱ्याकडं पाहिलं, मग आपल्या रिकाम्या कडेकडं पाहिलं.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली.

 बनाबाईला सगुणेची कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला.

तिची कोयती विहिरीत फेकली, तिला वाळीत टाकलं. ओढ्यापलीकडच्या खोपटातून ती गावातली रोपं बघायची. आता तर लोक मुद्दाम दोन-दोन शेंडे जपू लागले होते. "एक काढा रं," ती तिथून ओरडायची. उत्तर म्हणून खडे यायचे. दोन उन्हाळे काढून ती गेली. मढ्याला खांदा द्यायला कुणी आलं नाही. कुठून कुठून आंब्याची पानं उडत आली आणि तिच्यावर इतकी पडली की मातीची गरजच उरली नाही, असं म्हणतात.

त्यानंतर बाराव्या वर्षी, फळं पाडाला आलेली असताना, वादळ आलं. एकाच दुपारी सोनखोऱ्यातला आंबा न् आंबा उभा फाटला. राहिला तो एकच, पाटलाच्या परसातला. त्याच दुपारी विहीर तळापर्यंत आटली आणि चिखलात बनाबाईची कोयती चमकली. तिच्यावर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता, असं म्हणतात. गंज चढला होता तो गावाच्या जिभेला.

सगुणा ओढा ओलांडून गेली, मागोमाग गावही गेलं. खोपटाच्या जागी पानांचा ढीग होता. त्याच्यापुढं उभी राहून ती साऱ्या गावादेखत म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं."

सोनखोऱ्यात आजही रोपाचा शेंडा काढायचा असला की घरातली बाई आधी ओढ्याकडं तोंड करते. शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात ती तीनदा म्हणते, "मी सांगतेय म्हणून काप." त्याशिवाय कुणी कोयती उचलत नाही. बनाबाईवर गावाची मोठी भक्ती आहे.

तीनदा म्हणतात. तिला ते चावडीवर एकदाच ऐकायचं होतं.