दार लोटून विचारायचे प्रश्न

खाडीकाठच्या एका नगरात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. सकाळ झाली की त्यांचे अंगण रोग्यांनी भरून जाई. त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिष्य दूरदूरच्या गावी वैद्यकी करीत. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आचार्य पहिल्याच दिवशी सांगत, "रोग्याला रोगापुरतेच विचारावे. त्याहून अधिक विचारले की ती चौकशी झाली, वैद्यकी नव्हे."

गोदा ही त्यांची शिष्या. ऐन तारुण्यात तिचा संसार विस्कटला आणि ती आचार्यांच्या दारी येऊन उभी राहिली. मागे काय घडले, हे आचार्यांनी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. ती नाडी पाहायला शिकली, जखमा बांधायला शिकली, औषधी ओळखायला शिकली. एके दिवशी आचार्य म्हणाले, "गोदे, माझ्याजवळचे सांगून संपले. पुढचे आता तुला रोगीच शिकवतील."

त्याच सुमारास नगरात दवंडी पिटली गेली. तिथल्या एका मोठ्या व्यापाऱ्याची खाडीलगत मैलभर पसरलेली मिठागरे होती. खाऱ्या पाण्यात उभे राहून कामकऱ्यांचे तळपाय फुटत, मिठाच्या चकाकीने डोळे चुरचुरत, आणि डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका आपली दुखणी अंगावरच काढीत. त्यांच्यासाठी व्यापाऱ्याला वैद्य नेमायचा होता. राहायला खोली आणि जन्मभराचे काम. गुरूच्या घरी आश्रितासारखे किती दिवस राहायचे, हा विचार गोदाला अलीकडे झोपू देत नव्हता. तिने खल, पुड्या, पट्ट्या गाठोड्यात बांधल्या आणि ती निघाली.

व्यापाऱ्याच्या ओट्यावर बरेच उमेदवार जमले होते. शेठजी लोडाला टेकून पान चघळत बसले होते आणि प्रश्न त्यांचा कारभारी विचारीत होता. नदीपलीकडच्या वस्तीतला एक तरुण पुढे झाला. त्याचे गाव आणि आडनाव ऐकताच कारभाऱ्याने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. नुसता हात हलवून त्याला बाजूला केले. मग गोदाची पाळी आली.

"कोणाची कोण?"

"आचार्यांची शिष्या. माझे नाव गोदा."

"ते नव्हे हो. माहेरचे कोण, सासरचे कोण?"

तिने गावाचे नाव सांगितले.

"नवरा काय करतो?"

"मी एकटीच आहे."

"एकटी म्हणजे? वारला, टाकून गेला, की तुम्हीच निघून आलात?" मागे कोणीतरी हसले. कारभारी पुढे म्हणाला, "नाही, विचारलेले बरे. उद्या पुन्हा लग्न कराल, बाळंतपण येईल, आणि आम्ही बसायचे दुसरा वैद्य शोधत."

"तळपाय फुटले तर काय लावीन, ते विचारा ना," गोदा म्हणाली.

"ते पुढचे पुढे. आधी गाठोडे सोडा. आत शिरणाऱ्याचे सामान पाहायची आमच्याकडे रीत आहे."

औषधेच पाहायची असतील, असे वाटून गोदाने गाठ सोडली. कारभाऱ्याने खल बाजूला केला, पट्ट्या उलटल्या, आणि तळाशी हात घालून एक इवलेसे लाल टोपडे बाहेर काढले. बोटावर धरून त्याने ते साऱ्यांना दिसेल असे वर केले.

"मूल आहे तर! मघाशी बोलला नाहीत."

एका वाक्याने सारे निभावले असते. ते वाक्य गोदाच्या जिभेपर्यंत आलेही. ते ऐकून ओटा गप्प झाला असता, शेठजींचे मन द्रवले असते आणि काम तिला मिळाले असते, हे तिला स्पष्ट दिसत होते. तिने टोपडे कारभाऱ्याच्या बोटावरून काढून घेतले, नीट घडी घातली आणि गाठोडे बांधले.

"याचे उत्तर मी देणार नाही."

आता शेठजी पहिल्यांदा बोलले. आवाज सौम्यच होता. "बाई, लपवण्यासारखे काही नसेल, तर सांगायला काय हरकत आहे?"

गोदाने नमस्कार केला आणि ती ओटा उतरली. काम मिळाले नावाजलेल्या घराण्यातल्या एका वैद्याला. त्याने आपल्या घरातले सारे भराभर सांगितले होते, आणि न विचारताच शेजाऱ्यांकडचेही.

घरी आल्यावर तिने आचार्यांना ओट्यावरचा प्रत्येक प्रश्न सांगितला. शेवटी म्हणाली, "ते मूल आता नाही, एवढेच म्हणायचे होते. माझ्याच्याने झाले नाही. आचार्य, हा माझा अहंकार का?"

तिच्या मागे काय घडले, ते आचार्यांना आज इतक्या वर्षांनी कळत होते. त्यांनी तिच्यापुढे जेवणाचे ताट सरकवले.

"बोलली असतीस तर काम मिळाले असते. पण ते तुझ्या हातांना मिळाले नसते, तुझ्या दुःखाला मिळाले असते. जेवून घे. उद्या रोगी पुष्कळ आहेत."

पावसाळा सरला, मिठागरे पुन्हा सुरू झाली. एका सकाळी आचार्यांच्या अंगणासमोर पालखी थांबली. आतून तो व्यापारी उतरला. चेहरा ओढलेला, हात पोटाशी. मागोमाग कारभारीही होता. शेठजींनी आचार्यांना वंदन केले आणि अंगणातल्या रोग्यांत बसून घेतले. "पोटात सारखी आग पडते," ते म्हणाले. "अन्न जात नाही. आपल्या हाताला गुण आहे, म्हणून आलो."

गोदा ओसरीवर औषध खलीत होती. आचार्य आता नाडी पाहतील, जेवणाखाण्याचे विचारतील, असे तिला वाटले. आचार्यांनी हातही पुढे केला नाही. अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "घरात कोण कोण आहे, शेठजी? पत्नीशी पटते का?"

शेठजी गोंधळले. "पटते की."

"थोरल्या चिरंजीवांचे लग्न अजून का झाले नाही? दोष मुलात आहे की घराण्यात? आपल्या वडिलांचे भावांशी वैर होते म्हणतात, ते कशावरून? आणि कमरेचा पैशांचा कसा सोडा पाहू. आत काय आहे, ते या मंडळींनाही दिसू द्या."

गोदाचा हात खलातच थांबला. पहिल्या दिवशी शिकवलेला धडा गुरू आज स्वतःच्या अंगणात पायदळी तुडवत होते. तिला गुरूंची लाज वाटली, आणि तशी लाज वाटल्याचे वाईटही वाटले. न राहवून ती म्हणाली, "आचार्य, हे रोगी आहेत." आचार्यांनी तिच्याकडे पाहिलेदेखील नाही.

व्यापारी उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "माझे पोट दुखते आहे. माझ्या घराशी आपल्याला काय करायचे आहे?"

"लपवण्यासारखे काही नसेल, तर सांगायला काय हरकत आहे?" आचार्य म्हणाले.

आपलेच शब्द ऐकून शेठजींनी मान वळवली. ओसरीवर बसलेली बाई त्यांनी आता ओळखली. कारभारी जमिनीकडे पाहू लागला.

"बसा," आचार्यांचा आवाज आता नेहमीसारखा झाला. "पदरी वैद्य असताना आपण इथवर का आलात?"

शेठजी सावकाश बसले. खालच्या स्वरात म्हणाले, "त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, आचार्य. बायका तर नाहीच नाही. सकाळी त्याला सांगितलेले दुखणे संध्याकाळपर्यंत साऱ्या मिठागरात होते. मग मी तरी माझे कसे सांगू?"

आचार्य म्हणाले, "शेठजी, काम मागायला येणारा माणूस आपले हात पुढे करतो. ते हात पारखण्याचा अधिकार तुमचा. पण तुम्ही हात पाहिलेच नाहीत, त्याच्या घराचे दार ढकललेत. पोटाची गरज असते म्हणून काहीजण दार उघडतातही. गरजेपोटी उघडलेल्या दाराला संमती म्हणत नाहीत. कोणाला तुम्ही वस्तीवरून गाळलेत, कोणाला कुशीवरून. त्या चाळणीत जे उरले, ते तुमच्या प्रश्नांना साजेसेच उरले. तुम्ही घरचे बाहेर सांगण्याची परीक्षा घेतलीत आणि त्या परीक्षेत जो पहिला आला, तोच तुम्हाला मिळाला. जिने स्वतःचे दुःख ओट्यावर मांडले नाही, तिच्याजवळ तुमचे दुःख सुरक्षित राहिले असते. वैद्याचा तो पहिला गुण. तुमच्यासमोर उभा होता आणि तुम्ही त्यालाच दोष म्हणालात."

मग ते ओसरीकडे वळले. "गोदे, यांना तपास."

गोदाच्या मनात राग नव्हता असे नाही. क्षणभर तिला वाटले, नाही म्हणावे. पण समोर पोटाशी हात धरून बसलेला एक रोगी होता. ती उठली, त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली आणि तिने दार लोटून घेतले.

तिने फार थोडे विचारले. आग जेवणाआधी पडते की नंतर? झोप लागते का? तिने तिसरा प्रश्न विचारण्याआधी शेठजी आपणहून बोलू लागले, आणि जे त्यांनी आजवर कोणालाही सांगितले नव्हते, ते त्या खोलीत सांगितले. ते काय होते, हे या कथेलाही ठाऊक नाही. कारण गोदाने ते कधी कोणाला सांगितले नाही.

औषध घेऊन शेठजी पालखीकडे निघाले. कारभाऱ्याने गोदाला बाजूला घेतले. "शेठजींना काय झाले आहे? मला कळायला हवे, घरचाच माणूस मी."

"त्यांनाच विचारा," गोदा म्हणाली.

पालखीच्या पडद्याआड शेठजींनी ते ऐकले.

पोटाची आग शमली, तसे ते स्वतः चालत आचार्यांच्या घरी आले. या वेळी ते गोदापुढे उभे राहिले. "माझी चूक झाली. उद्यापासून मिठागरावर या. खोली तयार आहे."

"अशी मी येणार नाही," गोदा म्हणाली.

शेठजी चमकले. आचार्य मात्र शांतपणे औषधाच्या पुड्या बांधत राहिले.

"ओट्यावर पुन्हा परीक्षा घ्या. त्या दिवशी आलेल्या सगळ्यांना बोलवा, नदीपलीकडच्यालाही. कामापुरते विचारा. कोणाचे गाठोडे उघडायचे नाही. मी त्यांच्याबरोबर बसेन."

"आणि दुसरे कोणी सरस निघाले तर?"

"तर त्यांना ठेवा, मी दुसरीकडे काम शोधीन. पण आपल्या पश्चात्तापावर मला ती पायरी चढायची नाही."

पुन्हा परीक्षा झाली. ओटा तोच, विचारणारा कारभारीही तोच. नदीपलीकडचा तरुण पुढे आला, तेव्हा सवयीने त्याच्या तोंडून निघाले, "आडनाव..." शेठजींनी नुसते पाहिले. कारभाऱ्याने प्रश्न बदलला. "खांदा निखळला तर काय कराल?"

"निखळलेला असेल तर दाखवा," तरुण म्हणाला. पाटी घेऊन पडलेला एक कामकरी कण्हत समोर बसलाच होता. तरुणाने त्याचा हात धरला, त्याला कुठल्याशा गमतीत गुंतवले आणि हसता हसता खांदा जागेवर बसवला. कामकऱ्याने हात वर करून पाहिला, पुन्हा वर केला, आणि ओट्याखालची सारी माणसे "वा!" म्हणाली.

गोदासमोर मिठागरावरची एक म्हातारी आली. तिचे तळपाय भेगांनी चिरले होते. गोदाने ते कोमट पाण्याने धुतले, लेप लावला, पट्टी बांधली. मग म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने उभ्या पुरुषांना थोडे दूर जायला सांगितले. शेठजीही दूर गेले. दोघींत हलक्या आवाजात काही बोलणे झाले. म्हातारी उठली ती सरळ कोपऱ्यात उभ्या असलेल्या बायकांकडे गेली, आणि थोड्याच वेळात त्या एकीमागून एक गोदासमोर येऊन बसल्या. निकाल कोणी जाहीर करण्याची गरज उरली नाही.

मिठागरावर त्या दिवशी दोन वैद्य नेमले गेले. आधीचा वैद्यही परीक्षेला बसला होता. औषधांची त्याची जाण खरोखरच चांगली होती, म्हणून त्याला औषधशाळेत ठेवले. तिथे बोलायला सोबतीला फक्त खलबत्ते होते.

दुसऱ्या दिवशी गोदा निघाली. ऊन लख्ख पडले होते आणि मिठाच्या राशी दूरवर चमकत होत्या. बांधावरून पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांनी तिला पाहिले आणि एकीने दुसरीला हाक दिली, "आपली वैद्यीण आली गं." कोणाची कोण, हे कोणी विचारले नाही. गोदाने पदर खोचला आणि ताठ मानेने ती त्यांच्यात चालू लागली.

मुलाखत घ्यायला टेबलापलीकडे जो बसतो, त्याने प्रश्न ओठांवर आला की एवढेच पाहावे: हे काम विचारते आहे, की माझे कुतूहल?