रंगाखालचा पत्रा

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपली जुनी मोटार घेऊन घाटाच्या पायथ्याशी एका वृद्ध मिस्त्रीकडे आला. ऊन कलले होते. मागच्या सीटवर त्याची पत्नी बसली होती आणि तिच्या शेजारी दोन ट्रंका. दोन-चार दिवस माहेरी जाऊन येते, असे ती म्हणाली होती. पण दोन-चार दिवसांसाठी चैत्रात कोणी लोकरीचे कपडे भरत नाही, एवढे व्यापाऱ्याला कळत होते. विचारायचा धीर मात्र होत नव्हता. घाट चढेपर्यंत अंधार होणार, आणि मोटारीचे पुढचे दोन्ही दिवे बंद.

मिस्त्रीचा शिष्य पुढे झाला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने बल्ब काढून थेट बॅटरीला जोडून पाहिला, तर लख्ख पेटला. फ्यूज शाबूत, बटण ठीक. वीज बल्बच्या तोंडापर्यंत येत होती. तो डोके खाजवत म्हणाला, "बाबा, सगळं जागच्या जागी आहे, आणि उजेड तेवढा नाही."

"तेच तर!" व्यापारी वैतागला. "तिघांना दाखवून झालं. एकानं बल्ब बदलला, दुसऱ्यानं फ्यूज. तिसरा म्हणाला, दिवसाच चालवा."

वृद्ध सावकाश ओट्यावरून उठला. मोटारीच्या निळ्याशार पाठीवरून त्याने हात फिरवला. "हिचं वय माझ्या दाढीएवढं, आणि नटलीय मात्र नवरीसारखी. रंग कधी दिला, शेठ?"

व्यापाऱ्याने मागे पाहिले आणि आवाज खाली आणला. "दिवाळीनंतर."

"आणि दिवे कधी गेले?"

"तेव्हापासूनच, म्हणा ना."

"आधीचा रंग कोणता होता?"

"त्याचं काय एवढं? तुम्ही दिवे बघा हो."

दोन्ही दिव्यांची मिळून निघालेली काळी वायर बोटाने चाचपत वृद्ध पत्र्यातल्या एका स्क्रूपाशी पोचला. स्क्रू काढला, खिशातून काचपेपर काढला, आणि त्या चकचकीत निळ्या रंगावर घासू लागला.

"अहो, अहो! नवा रंग आहे तो!" व्यापाऱ्याने त्याचे मनगट धरले. शिष्यही चमकला. वृद्धाने हलकेच हात सोडवला आणि घासत राहिला. निळी भुकटी उडाली. खालून पिवळा रंग वर आला.

व्यापारी झटकन आडवा उभा राहिला, मागून काही दिसू नये म्हणून.

त्याचे कारण असे. त्या पिवळ्या मोटारीवर त्यांची एकुलती एक लेक गाडी शिकली होती. दोन वर्षांपूर्वी तापाचे निमित्त झाले आणि आठवड्यात ती गेली. तिच्या वस्तू पाहून बायको खचेल, या भयाने व्यापाऱ्याने एकेक वस्तू घरातून हलवली. पुस्तके दिली, फोटो उतरवला, शेवटी मोटारही निळी करून आणली. घरात तिचे नाव निघेनासे झाले. तो स्वतः दुकानाच्या मागच्या खोलीत, पातेल्यांच्या ढिगाआड रडून घेई आणि तोंड धुऊन जेवायला येई.

घासण्याचा आवाज ऐकून पत्नी खाली उतरली होती. "सरका जरा," ती म्हणाली.

तो सरकला. तिने त्या टिकलीएवढ्या पिवळ्या जागेवर बोट ठेवले.

"हळकुंड," ती म्हणाली. लेकीने मोटारीला ठेवलेले नाव होते ते.

मग ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही विसरलात तिला."

"मला वाटलं, तुला सोसवणार नाही."

वृद्धाने आणखी घासले. खालचा कोरा पत्रा उघडा पडला. त्यावर वायर ठेवून त्याने स्क्रू आवळला. "बटण दाबा, शेठ."

दोन्ही दिवे लागले. कलत्या उन्हात ते फिकेच दिसले, पण लागले.

"बाबा, कळलं नाही," शिष्य म्हणाला.

"वीज दिव्यापर्यंत येत होती, ते तू बरोबर पाहिलंस. पण नुसती येऊन भागत नाही रे. पत्र्यातून तिला माघारी बॅटरीकडं जावं लागतं, तेव्हा उजेड पडतो. जिथं पत्रा उघडा ठेवायचा, तिथंही रंगवाल्यानं रंग मारला. चांगल्या मनानंच मारला, पण वाट बुजली. यांच्याही घरात तसंच झालं. दुःख दोघांपाशी येऊन थांबलं, त्याला पुढं जायला उघडी जागा नव्हती."

"म्हणजे आता ते जाईल?" व्यापाऱ्याने विचारले.

"नाही शेठ. दिवे लागले म्हणून घाट सपाट होत नाही. पुढचं वळण दिसतं, एवढंच."

पत्रा गंजू नये म्हणून शिष्य रंगाचा डबा शोधू लागला. वृद्धाने त्याला थांबवले. "रंग नको. ग्रीस लाव. गंजणारही नाही आणि वाटही राहील."

मोटार निघाली ती माहेराच्याच दिशेने. ट्रंका मागेच होत्या, पण पत्नी आता पुढे बसली होती. पहिल्या वळणावर गाडी हळू झाली तेव्हा तिचा आवाज खालपर्यंत आला. "इथंच गाडी बंद पाडली होती तिनं. आणि तुम्ही केवढ्यानं ओरडला होता!" व्यापारी काय म्हणाला, ते ऐकू आले नाही. शिष्य ग्रीसचे बोट पुसायचे विसरून दिवे दिसेनासे होईपर्यंत तिकडे पाहत राहिला.

आपल्याही घरात एखादे नाव घ्यायचे थांबले असेल. आज जेवताना ते एकदा घेऊन पाहावे.