तळाशी राहिलेली घागर

फार मागच्या काळी एका तळ्याकाठच्या मातीतून दोन घागरी घडल्या. थोरली कुंभाराच्या भट्टीत भाजून लालबुंद झाली. धाकटीची पाळी यायची होती. ती नुसतीच उन्हात वाळली होती. तेवढ्यात ओढ्याला पूर आला आणि दोघींनाही तळ्यात घेऊन गेला.

“ताई, घरी आलो गं आपण!” धाकटी म्हणाली. बोलता बोलता ती मऊ पडली, सुटत गेली आणि तळाच्या मातीत मिसळून गेली. थोरलीही वाट पाहू लागली. दिवस गेले, महिने गेले, पण तिचा एक कण सुटेना.

“आई, मला का घेत नाहीस?” तिनं मातीला विचारलं.

“कशी घेऊ, बाळे?” माती म्हणाली. “धाकटी नुसती वाळली होती. पाणी मिळालं, पुन्हा माती झाली. तुला आगीनं आतून बदललंय. तू माझीच आहेस, पण आता माती नाहीस.”

त्यानंतर थोरली कुणाशी बोलली नाही. अंगाखाली सगळं माहेर पसरलं होतं आणि तिला त्यात जागा नव्हती.

एके सकाळी बगळ्याच्या चोचीतून निसटलेला इवलासा मासा थरथरत तिच्या तोंडाशी आला.

“आत येऊ? काल मातीच्या बिळात लपलो, तर ते अंगावरच ढासळलं. तू नाही ना ढासळणार?”



“नाही रे,” घागर म्हणाली. “मी नाही ढासळत. ये.”