भिंगरीवरचा मोर

डोंगरउतारावरच्या एका गावात दुलबा नावाचा तांबट राहत असे. हात कसबी, पण मन भारी साशंक. घागर पुरी झाली तरी दहादा ठोकून बघायचा.

गावाभोवतीचे रान विरळ होत चालले होते. सरपणासाठी बायकांना दोन कोस चालावे लागे. आणि इतक्या कष्टाने आणलेल्या लाकडांची निम्मी ऊब धुराड्यातून आभाळात जाई. दुलबाला ते बघवेना. त्याने तांब्याच्या पातळ पत्र्याच्या भिंगऱ्या केल्या, त्यांना घुंगरे बांधली आणि घरोघरच्या धुराड्यांवर बसवल्या. ऊब वाया गेली की भिंगरी गरगर फिरे आणि घुंगरे आळीभर वाजत.

"काय गं सखू, आज लग्नाचा स्वयंपाक काय?" शेजारणी ओरडत. सखू घाईने लाकूड मागे ओढी. सरपण वाचू लागले. दुलबा हरखला.

एक घर मात्र दोन दिवस मुके होते. भिंगरी अडकली असेल म्हणून दुलबा हातोडी घेऊन गेला. बघतो तर चूल थंड. बारा दिवसांची बाळंतीण बाळाला पोटाशी घेऊन गोधडीत कुडकुडत होती.

"अहो भागाबाई, सुनेचं न्हाणं, शेक?"

"पाणी तापवलं की घुंगरं वाजतात, दुलबादादा," सासू म्हणाली. "मग पलीकडची विचारते, भागीकडं रोज दिवाळी का? त्यापेक्षा गार पाण्यानं पुसून घेतो."

दुलबा तसाच तिच्या धुराड्यावर चढला. त्याच दिवशी त्याने साऱ्या भिंगऱ्या उतरवल्या आणि मोडायला घेतल्या.

भागाबाईने त्याचा हात धरला. "मोडता कशाला? घुंगरू गावाला सांगतं. चुलीपुढं बसते मी. मला सांगेल असं काही करा की!"

दुलबाने घुंगरे काढली. भिंगरीच्या खालच्या अंगाला मोर रंगवला आणि ती घरात, चुलीच्या वर टांगली. जाळ उधळला की मोराची नुसती रंगीत चकती होई. भागाबाईने पातेल्यावर झाकण ठेवले, एक लाकूड मागे ओढले. भिंगरी मंदावली.

"आला, आला! डोळासुद्धा दिसला!" ती टाळ्या पिटत ओरडली. मग हंडा चढवून तिने चूल पुन्हा धडधडून पेटवली. "आता जरा उड बाबा. आमच्या बाळाची अंघोळ आहे!" गोधडीतली सून खळखळून हसली.

महिन्याभरात घरोघरी असे मोर टांगले गेले आणि पाणवठ्यावर बायका एकमेकींना हसून विचारू लागल्या, "दिसला का गं मोर?" रोजची रानातली खेप दोन दिवसांआड आली.

दुलबाला तरी चैन कुठले? "शेपटी जरा आखूड झाली का हो?"

"राहू द्या आखूड," भागाबाई म्हणाली. "पसारा कमी, म्हणून लवकर दिसतो!"

तात्पर्य: माणसाची चूक गावभर वाजवली, तर तो चूलच विझवतो; त्याची त्याला दिसू दिली, तर तो हसत जाळ आवरतो.