बिनमाणसाची सबटायटलं

"धनी खपलं! आमचं धनी खपलं!" असा टाहो फोडत गडी पडद्यावर धावत आला आणि खाली इंग्रजीत अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ होता, आमचे मालक विकले गेले!

सर्जेराव सरकार खुर्चीतून ताडकन उठले. कोल्हापुरातला तो स्टुडिओ त्यांचा, चित्रपट त्यांचा आणि पडद्यावर मरून पडलेला पहिलवान धनीही तेच.

"माझ्या मरणाचा हा बाजार कुणी मांडला?"

टिपरेसाहेब लगबगीनं पुढे झाले. पुण्याहून ते एक नवं यंत्र घेऊन आले होते. चित्रपटातलं बोलणं ते आपलं आपण ऐके, लिहून काढी आणि त्याचं इंग्रजीही करी. टिपऱ्यांच्या शब्दावर सरकारांनी सबटायटलवाल्या चौघांपैकी तिघांना घरी धाडलं होतं. उरली एकटी मैना आवळे, यंत्राचं बटण दाबायला.

"यंत्र चुकत नाही, सरकार. बटण दाबणारा माणूस चुकतो!" टिपरे म्हणाले.

"खरं आहे," मैना म्हणाली. "बाजारात साखर खपते, तसे धनी खपले असं वाटलं बिचाऱ्याला. त्यानं कुठं कुणाचं मयत पाहिलंय? तीन माणसं काढून हा शहाणा आणलाय!"

सरकार भडकले. वर्तमानपत्रात त्यांनी आधीच छापून आणलं होतं, की आमच्या चित्रपटाची सबटायटलं माणसाचा हात न लागता होणार! आता माघार कशी घेणार? आणि चित्रपट महोत्सवाची निवड समिती तर शनिवारी दिल्लीहून येणार होती.

"ऐक, मैना! यंत्रानं लिहिलेल्या एकाही अक्षराला हात लावायचा नाही. आणि समितीसमोर एक जरी चूक दिसली, तर तूही घरी!"

"म्हणजे चूक सुधारायची नाही आणि चूक दिसायचीही नाही?"

"बरोबर!"

"वा, सरकार! पोहायचं, पण पाण्यात उतरायचं नाही!"

टिपरे फिदीफिदी हसले. "जमत नसेल तर आताच निघा, मॅडम."

मैना खोलीत जाऊन बसली. राग तर असा आला होता, की यंत्र उचलून पंचगंगेत भिरकवावं. पण ती गेली असती, तर त्या तिघांचं नाव काढणारंही कुणी उरलं नसतं. तिनं पुन्हा यंत्राचा पडदा उघडला आणि टिपऱ्यांनी टिचक्या मारून ठरवलेलं सगळं एकेक करून वाचलं. भाषा कोणती? मराठी. भाषांतर कशात? इंग्रजीत. आवाज कुठला ऐकायचा?

तिथं मैना थांबली. मग स्वतःशीच हसली. "असं होय!"

दोन दिवस ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दार लावून बसली. टिपरे दारावरून जाताना म्हणत, "रडतायत वाटतं!" खरंच, आतून मधूनमधून रडण्याचा आवाज येई.

शनिवारी समिती आली. चित्रपट सुरू झाला. गडी धावत आला, त्यानं टाहो फोडला आणि खाली इंग्रजीत उमटलं, मालक आपल्याला सोडून गेले! समितीच्या अध्यक्षबाईंनी पदर डोळ्याला लावला. एक म्हातारा सभासद तर हुंदके देऊ लागला. शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

समिती बाहेर पडताच टिपऱ्यांची छाती फुगली. "पाहिलंत, सरकार? मी स्वतः तपासलंय. यंत्राचं एकही अक्षर कुणी बदललेलं नाही. आता या बाईंची तरी काय गरज?"

सरकारांनी मैनेकडे पाहिलं. "काय गं? परवा विकणारं यंत्र आज शहाणं कसं झालं?"

"साहेबांनाच विचारा. नाहीतर यंत्रानं काय ऐकलं, तेच लावा की!"

टिपऱ्यांनी रुबाबात बटण दाबलं. पडद्यावर सरकारांनी मिशीवर ताव देत तोंड उघडलं आणि आवाज आला मैनेचा! संथ, स्वच्छ, शब्दन् शब्द सुटा. पुढच्या प्रसंगात गडी आला. तोही मैनेच्याच आवाजात रडला, "मालक आपल्याला सोडून गेले!"

"हा कुणाचा आवाज?" सरकार ओरडले.

"तुमचाच, सरकार. फक्त समजेल असा!"

मैना थांबली नाही. "यंत्राला चित्रपटातला आवाज ऐकवलाच नाही. प्रत्येक वाक्य मी सोप्या मराठीत बोलले. त्यानं चुकीचं लिहिलं, तर पुन्हा बोलले. बाळाला घास भरवतात, तसं भरवलं त्याला."

"ही लबाडी आहे!" टिपरे किंचाळले. "माणसाचा हात लागायचा नव्हता!"

"कुठं लागला?" मैना म्हणाली. "सरकारांनी हाताला बंदी घातली होती, साहेब. तोंडाला नव्हे!"

सरकारांच्या पोटातून असं हसू उसळलं, की खुर्ची करकरली. "तोंडाला नव्हे! अगं, तुझ्या तोंडाला बंदी घालणारा अजून जन्माला यायचाय! माग, काय पाहिजे?"

"आमची तिघं माणसं परत पाहिजेत."

"दिली! आणि आजपासून त्या खोलीची मालकीण तू! या टिपऱ्यांना मात्र आत्ताच्या गाडीनं पुण्याला पाठवतो."

"नको, सरकार, राहू द्या त्यांना," मैना म्हणाली. "यंत्राचं बटण दाबायला कुणीतरी लागणारच की!"