दातांनी धरायचा मुखवटा

“दादाचा मुखवटा हान्झोच्या तोंडावर का? माझ्या का नाही?”

येझुमाबाबांनी मान वर केली नाही. ते तळ्याकाठच्या सावलीत मुखवट्याचं टोक मांडीवर घेऊन बसले होते. वर्षभराची धूळ धुऊन झाली होती, आणि आता कोंबडीच्या पिसानं ते एकेक पांढरा चौकोन नव्यानं रंगवत होते.

पश्चिम आफ्रिकेतल्या त्या गावात मुखवटे कोरायचे ते येझुमाबाबांनीच. कोणता मुखवटा कोणी घालायचा, हेही तेच ठरवायचे. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

आज दोफिनी मात्र शब्दाबाहेर गेला.

“बाबा, मी तुम्हाला विचारतोय!”

“ऐकतोय मी. पलीकडच्या काठावरची बदकंही ऐकतायत.”

दोफिनीचा मोठा भाऊ सिबिरी उन्हाळ्यात गेला. विहीर खणत होता, वरून माती ढासळली. काठावर दोफिनी एकटाच. गावातली माणसं धावत येईपर्यंत तो खाली वाकून हाका मारत राहिला. घसा बसला. खालून ओ आली नाही.

उद्या सिबिरीला निरोप द्यायचा नाच होता. तो झाला की गेलेला माणूस मोकळा होतो, पूर्वजांच्या वाटेला लागतो. फक्त नाचताना मुखवटा पडता कामा नये. पडला, तर निरोप अर्धाच राहिला असं गाव मानायचं.

“हान्झो चुलत आहे. मी सख्खा!”

“मुखवट्याला नातं दिसत नाही.”

“मला काय येत नाही ते सांगा. लाकूड मी आणतो, रंग मी घोटतो. विचारा, काहीही विचारा!”

“सांग मग. हे काय?”

“काळे चौकोन म्हणजे म्हाताऱ्यांची बसायची कातडी. बसून बसून काळी पडलेली. पांढरे म्हणजे आम्हा नव्या पोरांची. आणि ही नागमोडी रेघ म्हणजे पूर्वजांची वाट. ती सरळ नसते.”

“आणि मागच्या बाजूला?”

दोफिनी अडखळला. मुखवट्याची पाठ फक्त नाचणाऱ्यानं पाहायची, अशी रीत होती.

“मागे काय असणार? काही नाही. काळोख.”

“हं…”

“बाबा, उद्या मीच नाचणार. मधोमध उभा राहणार आणि दादाला हाक मारणार. शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी! त्या दिवशी माझी हाक त्याला पोचली नाही. उद्या पोचवल्याशिवाय राहत नाही.”

“रडशील?”

“रडेन! मला कोणाची लाज आहे?”

“हाक तू मारणार. रडणार तू. मग नाचणार कोण?”

दोफिनी उसळला.

“तुम्हाला भाऊ नव्हता वाटतं कधी!”

बाबांचा हात थांबला. पिसाच्या टोकावर रंगाचा थेंब जमला… गवतावर पडला.

मग ते उठले. त्यांनी मुखवटा उभा केला. माणसाहून उंच फळी, सावरीच्या हलक्या लाकडाची.

“घे. घाल.”

दोफिनीनं झडप घालून घेतला. उलटा केला आणि गोंधळला. ना पट्टा, ना बंद. तोंडाच्या जागी दोन भोकांतून ओवलेली अंबाडीची एक जाड दोरी, बस्स.

“बांधायचा कशानं?”

बाबांनी आपल्या दातांवर बोट ठेवलं.

“दातांनी? एवढा मोठा?”

“सिबिरी धरायचा. ऊन कलेपर्यंत.”

दादा धरायचा म्हटल्यावर प्रश्नच मिटला. दोफिनीनं दोरी दातांत पकडली, हात सोडले. मुखवटा उभा राहिला!

“बघा, बाबा, मी—”

मुखवटा सुटला. बाबांनी तो अलगद झेलला.

“काय म्हणत होतास?”

दोफिनीनं तो हिसकून परत लावला.

“माझं लक्ष नव्हतं, आता—”

बाबांनी पुन्हा झेलला.

“रंग ओला आहे, पोरा. जरा जपून बडबड.”

काठावर एक बदक ओरडलं. दोफिनी त्याच्याकडे असा बघत राहिला, जणू ते हसलंच होतं. मग चिडून त्यानं मुखवटा उजेडात धरला. खोट दोरीतच असणार.

दोरी चावून चपटी झाली होती. दातांच्या खुणा तिच्यात खोल रुतल्या होत्या, एकाला एक लागून. मधेच एक जागा मात्र तशीच फुगीर होती. तिथं दात रुतलाच नव्हता.

सिबिरीचा पुढचा दात तुटका होता. लहानपणी दोफिनीला कठीण फळ फोडून देताना तुटलेला.

दोफिनीनं त्या जागेवर अंगठा ठेवला.

“ही… बदलली नाहीत अजून?”

“नवी वळून ठेवलीय. हान्झोसाठी.”

बाबांनी शेजारच्या नव्या दोरीकडे नुसती मानेनं खूण केली.

दोफिनीनं मुखवटा उचलला. दोरी तोंडात धरली. या वेळी तो काही बोलला नाही.

आत काळोख होता. अंबाडीचा आणि धुराचा वास होता. उजेड आत येत होता तो फक्त दूर, वरच्या डोळ्यांच्या भोकांतून.

आणि ती आली. उन्हाळ्यापासून छातीत अडकून बसलेली हाक. गळ्यापर्यंत आली, जिभेवर आली… दातांपाशी थांबली.

फळी थरथरली. वरचं टोक वाऱ्यातल्या झाडासारखं डोललं.

पडली नाही.

दोफिनीचा एक पाय उचलला गेला. मग दुसरा. धूळ थोडी उडाली. तो डावीकडे झुकला, उजवीकडे वळला, पुन्हा डावीकडे. येझुमाबाबा हात बांधून बघत राहिले. त्यांनी या वेळी झेलायला हात पुढे केले नव्हते.

कितीतरी वेळानं दोफिनीनं मुखवटा स्वतःच उतरवला आणि झाडाला टेकवून ठेवला. जबडा आखडला होता. ओठांना अंबाडीचे धागे चिकटले होते. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

बाबांनी हान्झोसाठी वळलेली नवी दोरी उचलली. शेजारी ठेवलेला उद्याच्या नाचाचा तांबडा पोशाख गोळा करून त्या दोरीनंच त्याची मोट बांधली, आणि ती मोट दोफिनीच्या खांद्यावर ठेवली.

“पण बाबा…” दोफिनीचा आवाज फाटला होता. “मी हाक मारलीच नाही.”

बाबा परत सावलीत बसले. पीस रंगात बुडवलं.

“ऐकली त्यानं.”