साळूचे तीन ड्रॅगन

मुलांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी दाट जंगल होते आणि तिथे एक साळू राहत असे. अंगावरचा एखादा काटा गळून पडला की ती त्याचीच लेखणी करी आणि पळसाच्या पानांवर कथा लिही. जंगलाच्या एका टोकाला दलदल होती. वरून हिरवीगार, आत चिखलच चिखल. गेल्या थंडीत हरणीचे एक पाडस तिथे रुतले आणि पुन्हा कुणाला दिसले नाही. "तिकडे जाऊ नका," असे पिल्लांना दिवसातून दहादा सांगितले जाई आणि दिवसातून दहादा पिल्ले तिकडेच जात, कारण तिथले गवत सगळ्यात कोवळे होते.

शेवटी हरणी साळूकडे आली. सांगून सांगून तिचा आवाज बसला होता. "साळूताई, माझं दुसरं पाडस आता उड्या मारायला लागलंय. त्याच्यामागे धावायचं बळ माझ्यात उरलं नाही. एक मोठी, भयाण कादंबरी लिही. तिच्यात दलदलीत राहणारा ड्रॅगन घाल. असा, की पोरांचे पाय तिकडे वळायलाच नकोत."

ड्रॅगन कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे सल्ला द्यायला सगळेच पुढे आले. "सुळे हवेत. असे, वर वळलेले," रानडुक्कर म्हणाले आणि त्याने आपले सुळे दाखवले. "सुळ्यांना कोण घाबरतं?" मोर म्हणाला. "पिसारा हवा. उघडला की आभाळ झाकलं पाहिजे." कोल्हा हसला. "तुम्हा दोघांना कथेतलं काय कळतं! तो गोड बोलला पाहिजे. गोड बोलून गिळलं पाहिजे त्यानं." ज्याला ज्याचा अभिमान, ते त्याने देऊन टाकले. आपल्याला कशाची भीती वाटते, हे मात्र एकानेही सांगितले नाही. साळूने सगळे लिहून घेतले.

संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली तिने ते वाचले. अर्धे पानही झाले नसेल, तोच फांदीवरून माकडाचे पोर ओरडले, "अरे, हे तर आपले डुकरकाका! मोरमामांच्या अंगावर पडलेत!" सगळी पिल्ले हसून लोळली. साळूने रात्र जागून दुसरा ड्रॅगन लिहिला आणि सकाळी वाचून दाखवला. त्याला सात तोंडे होती आणि सातही तोंडांतून आग निघत होती. "सात तोंडं? मग आधी जेवणार कुठलं?" पाडसाने विचारले. "चला, बघूनच येऊ!" माकडाचे पोर म्हणाले आणि सगळी पिल्ले दलदलीकडे सुटली.

हरणी त्यांच्यामागे धावली. परत आली तेव्हा पाडसाचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. ती साळूसमोर नुसती उभी राहून धापा टाकत राहिली.

दुसऱ्या दिवशी साळूने पाने तशीच टाकली आणि ती दलदलीच्या काठावर जाऊन बसली. थकून तिचे डोळे मिटत होते. तिथे कुणी डरकाळी फोडत नव्हते. एक नाकतोडा गवतावर निवांत गात होता. सकाळी एक वाळकी फांदी चिखलात पडली. दुपारी ती अर्धी उरली, उन्हे कलली तेव्हा दिसेनाशी झाली. नाकतोडा गातच होता. साळूने आपला एक पंजा हळूच चिखलात बुडवला. चिखल मऊ होता, कोमट होता. भीती वाटली नाही. आणि पंजा बाहेर काढायला जेव्हा सगळे अंग मागे ओढावे लागले, तेव्हा ती भीती न वाटणेच तिला सगळ्यात भयंकर वाटले.

त्या संध्याकाळी तिने तिसरा ड्रॅगन वाचला.

"त्याला धावता येत नाही. त्याला धावायची गरजच नाही. अंगावर कोवळं गवत पांघरून, तोंड उघडून तो पडून असतो. तो चावत नाही. आधी फक्त पाय धरतो. धरलेल्याला वाटतं, आत्ता निघेन. म्हणून तो आईला हाक मारत नाही. हाक मारावीशी वाटते तेव्हा ड्रॅगन छातीपर्यंत आलेला असतो. त्याला तेव्हाही घाई नसते."

"बस? एवढंच?" कोल्हा म्हणाला. "आग नाही, काही नाही?"

माकडाचे पोर फांदीवरून मुकाट्याने उतरून आईच्या पोटाशी गेले. पाडसाने पुढचा एक पाय उचलून नीट पाहिला. "साळूमावशी," त्याने हळूच विचारले, "काल माझा पाय त्यानंच धरला होता का गं?"

"हो, बाळा," साळू म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या हरणीने मान फिरवली. आपले पहिले पाडस हाकही न मारता कसे गेले, हे तिला आजवर कुणीच सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळी पिल्ले उतारावरचे राठ गवत खात होती. कुणी कुरकुर केली नाही.

तात्पर्य एवढेच : ज्याला भयंकर काही उभे करायचे आहे, त्याने घरात बसून ड्रॅगनची तोंडे वाढवू नयेत, आधी चिखलाच्या काठावर जाऊन बसावे.